प्रकाशाची पाळी : प्रस्तावना

नीरा आणि भीमा या नद्यांमधील बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत, सकाळच्या एकाच घटकेस, जमिनीखाली पुरलेल्या प्रकाशतंतूंवर कोणकोणती कामे येऊन पडत असतील याचा तपशील मनाशी मांडून पाहिला, तर प्रस्तुत पुस्तकाचा विषय निराळा सांगावा लागत नाही. बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या प्रक्षेत्रावर कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साह्याने ऊस पिकविण्याचा जो प्रयोग चालू आहे, त्यातील शेतात रोवलेला संवेदक जमिनीचा ओलावा मोजून अधूनमधून दोन-चार ओळींचा निरोप धाडतो आणि गप्प बसतो. तो निरोप दहा मिनिटे उशिरा पोहोचला म्हणून उसाचे काही बिघडत नाही. आपले सरकार सेवा केंद्रात डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा काढावयास आलेल्या खातेदाराला क्षणभर थांबावे लागले तरी चालते, मात्र उताऱ्यावरील एक अक्षरही गळता कामा नये. बारामतीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून एखाद्या रुग्णाच्या सीटी स्कॅनच्या प्रतिमा पुण्यास पाठवावयाच्या झाल्या, तर शेकडो मेगाबाइटांचा तो गठ्ठा फार रेंगाळू नये एवढीच अपेक्षा असते. पण त्याच रुग्णासंबंधी दोन डॉक्टर व्हिडिओ कॉलवर बोलू लागले, की गठ्ठा लहान असूनही अडखळणे मुळीच खपत नाही. आणि या साऱ्यांहून वेगळी मागणी असते ती अतिउच्चदाब वीजवाहिनीच्या दोन टोकांवर बसविलेल्या संरक्षक रिलेंची. या रिले परस्परांशी अखंड बोलत असतात. चौसष्ट किलोबिटांची चिंचोळी वाट त्यांना पुरते, परंतु निरोप मोजक्या मिलिसेकंदांत, आणि दर खेपेस तेवढ्याच वेळात, पोहोचला नाही, तर धडधाकट वाहिनी विनाकारण बंद पडते, किंवा बिघडलेली वाहिनी चालू राहते.

अशा स्थितीत ‘नेटचा स्पीड किती?’ हा जो एकच प्रश्न आपण घरोघरी, ग्रामसभेत आणि विधिमंडळातही विचारीत आलो, तो अपुरा आहे. दर, म्हणजे सेकंदाला किती बिट जातात, ही एक मोजणी झाली. निरोपाला लागणारा विलंब ही दुसरी, त्या विलंबातील चढउतार ही तिसरी, वाटेत होणारी गळती ही चौथी, आणि वर्षभरात वाट किती वेळ खुली राहते ही पाचवी. यांपैकी एकीच्या बळावर दुसरीची हमी देता येत नाही. प्रकाशाला काचेतून एक किलोमीटर जावयास सुमारे पाच मायक्रोसेकंद लागतात. म्हणजे पुण्याहून इंदापूरपर्यंतचे सुमारे १४० किलोमीटरांचे अंतर तो एका मिलिसेकंदाच्या आत कापतो. मग संभाषण अडखळते ते कशामुळे? अंतराने नव्हे, वाटेतल्या यंत्रांत निरोपांच्या रांगा लागतात आणि त्या रांगेत कोणी पुढे जावे, कोणी थांबावे याचा बंदोबस्त नीट केलेला नसतो, म्हणून. या बंदोबस्ताचे शास्त्र हाच या पुस्तकाचा गाभा होय.

या दोन तालुक्यांतील वाचकाला हा प्रश्न परका वाटू नये. नीरेच्या डाव्या कालव्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून येथील शेती घडविली, आणि कालव्याचे पाणी आले त्या दिवसापासून ते कोणाला, किती, केव्हा आणि कोणत्या क्रमाने द्यावयाचे हा वाद आणि हा विचारही येथे रुजला. पुढे ज्यांना भारतरत्न किताब मिळाला ते मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात असताना, विसाव्या शतकाच्या आरंभी, त्यांनी याच कालव्यावर ब्लॉक पद्धतीची तजवीज केली. काही ठराविक क्षेत्राला पुढील काही वर्षांपुरती पाण्याची हमी द्यावयाची, त्यातील एका भागात ऊस आणि उरलेल्या भागात कमी पाण्याची पिके अशी फेरपालट ठरवून द्यावयाची, आणि अशा रीतीने मूठभर गावांत साचणारे पाणी कालव्याच्या लांबीवर पसरावयाचे, अशी ती योजना होती. ब्लॉकधारकाला हमी होती. हंगामी शेतकरी सात नंबरचा अर्ज भरून मंजुरीची वाट पाहत असे. आणि शेजपाळीचा नियम असा, की पाळी टेलकडून सुरू होऊन मुखाकडे यावी. नियम उत्तम होता. तरीही मुखाजवळचा शेतकरी पाट फोडी आणि टेलचा शेतकरी रात्रभर कोरड्या चारीवर बसून राही, हेही या मुलखाला ठाऊक आहे. हमी, शिल्लक आणि क्रम या तीन गोष्टींची जाण ज्या समाजाला पाटपाण्याने दिली, त्याला प्रकाशतंतूवरील वाटप समजणे जड जाऊ नये, अशी माझी धारणा आहे.

इतिहासाच्या वाटेने फार लांब जाण्याचे कारण नाही. नरिंदरसिंग कपानी यांनी १९५४ साली काचतंतूंच्या जुडीतून प्रतिमा नेऊन दाखविली. चार्ल्स काओ आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी १९६६ साली असा सिद्धांत मांडला, की काच पुरेशी शुद्ध केली तर तिच्यातून दूरसंचार शक्य आहे. १९७० साली अमेरिकेतील कॉर्निंग कंपनीच्या शास्त्रज्ञांनी किलोमीटरमागे वीस डेसिबेलांहून कमी क्षय असलेला तंतू ओढून काढला. आजच्या तंतूत हाच क्षय किलोमीटरमागे सुमारे ०.२ डेसिबेलवर आला आहे. पुणे जिल्ह्याला अभिमान वाटावा अशी गोष्ट अशी, की टेलिफोन केंद्रे परस्परांना जोडणारी देशातील पहिली प्रकाशतंतू यंत्रणा १९७९ साली पुणे शहरातच सुरू झाली. त्या घटनेनंतर तीन दशकांहून अधिक काळ लोटल्यावर, ऑक्टोबर २०११ मध्ये, केंद्रीय मंत्रिमंडळाने देशातील सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत हा तंतू नेण्याची योजना मंजूर केली. तीच पुढे ‘भारतनेट’ या नावाने ओळखली जाऊ लागली. दुसऱ्या टप्प्यात महाराष्ट्राने हे काम राज्याच्या यंत्रणेमार्फत करण्याचा मार्ग पत्करला आणि त्यातून ‘महानेट’ उभे राहिले. प्रत्येक ग्रामपंचायतीस सेकंदाला शंभर मेगाबिट, असे मूळ योजनेचे उद्दिष्ट होते.

आता ग्रामपंचायतीच्या कार्यालयातील भिंतीवर टांगलेल्या त्या लहानशा डब्याजवळ थोडा वेळ थांबू. त्याला ओएनटी म्हणतात. त्यावर वीज असल्याचा एक दिवा, तालुक्याच्या केंद्राशी संधान जुळल्याचा ‘पॉन’ हा दुसरा, आणि प्रकाश येईनासा झाला म्हणजे तांबडा होणारा ‘लॉस’ हा तिसरा. ‘बॉक्सवर लाल दिवा लागलाय’ एवढे ऐकले, की जाणता कर्मचारी समजतो की दोष यंत्रात नसून तारेत आहे. या डब्यात येणारा तंतू त्या गावाच्या एकट्याच्या मालकीचा नसतो. तालुक्याच्या टेलिफोन केंद्रातील ओएलटी नावाच्या यंत्रातून निघालेला एकच तंतू वाटेत स्प्लिटर नावाच्या काचेच्या दुभाजकातून फाटे फोडीत बत्तीस ठिकाणी जाऊ शकतो. या दुभाजकाला वीज लागत नाही, की त्यात काही हलणारा भाग नसतो. तो फक्त प्रकाशाचे भाग करतो. मात्र प्रत्येक भागणीला किंमत मोजावी लागते. बत्तीस भाग करताना सुमारे सतरा डेसिबेल खर्ची पडतात. वीस किलोमीटर काचेत, गावाकडून केंद्राकडे येणाऱ्या तरंगलांबीवर, आणखी सात डेसिबेल जातात. सांधे आणि जोडण्या मिळून दोनेक डेसिबेल. ही बेरीज सव्वीसच्या आसपास येते आणि सर्वसामान्य यंत्रांची मर्यादा अठ्ठावीस डेसिबेलांची आहे. म्हणजे हाताशी उरतात दोन. एखाद्या घाईत केलेल्या सांध्याने किंवा खिळ्याला गुंडाळून मुडपलेल्या तारेने ते दोन डेसिबेल खाऊन टाकले, की गाव अंधारात जाते. सुपे, मोरगाव या बाजूची गावे बारामतीपासून याहूनही दूर पडतात, तेव्हा तेथे भाग किती करावयाचे आणि ओएलटी कोठे बसवावयाचे हा हिशेब आधी कागदावर मांडावाच लागतो.

या पद्धतीचे प्रचलित रूप जीपॉन या नावाने प्रसिद्ध आहे. केंद्राकडून गावांकडे सेकंदाला सुमारे २.५ गिगाबिट आणि गावांकडून केंद्राकडे सुमारे १.२५ गिगाबिट, असा तिचा एकंदर पुरवठा. बत्तीस गावांनी एकाच क्षणी मागणी केली, तर एकेकाच्या वाट्याला उतरत्या दिशेने सुमारे ७८ आणि चढत्या दिशेने सुमारे ३९ मेगाबिट येतात. उतरत्या दिशेचे काम सोपे असते. केंद्र सर्वांचे निरोप सर्वांना धाडते, ते सांकेतिक कुलपात बंद असतात, आणि जो तो आपला तेवढा उचलतो. खरी कसोटी चढत्या दिशेची. तेथे बत्तीस गावांचा प्रकाश एकाच तंतूत येऊन मिळतो, आणि दोन गावे एकाच क्षणी बोलली तर दोघांचेही निरोप फुकट जातात. म्हणून ओएलटी काळाचे सव्वाशे मायक्रोसेकंदांचे तुकडे पाडते, म्हणजे सेकंदाला आठ हजार, आणि प्रत्येक तुकड्यात कोणत्या गावाने नेमके केव्हा सुरू करावयाचे आणि केव्हा थांबावयाचे याची मंजुरी आधी कळविते. गावाचा डबा आपल्याजवळ किती निरोप तुंबले आहेत याची वर्दी देत राहतो, आणि तीवरून पुढची मंजुरी ठरते. अर्ज, मंजुरी आणि पाळी हा सारा कारभार येथे सेकंदाच्या आठ हजाराव्या हिश्शाच्या तुकड्यांनी चालतो.

या व्यवस्थेतील एका तजविजीकडे वाचकांनी विशेष लक्ष द्यावे, अशी माझी विनंती आहे. केंद्राजवळच्या गावाचा प्रकाश लवकर पोहोचतो, दूरच्या गावाचा उशिरा. हा फरक तसाच राहू दिला असता, तर कोणाची पाळी कोठे संपते याचा मेळच बसला नसता. म्हणून गावाचा डबा जाळ्यात सामील होताच ओएलटी त्याचे अंतर मोजते आणि जवळच्या गावाला नेमका तेवढा कृत्रिम विलंब सोसावयास लावते, की जेणेकरून सर्व गावे केंद्रापासून सारख्याच अंतरावर आहेत असे ठरावे. शेजपाळीच्या नियमाने जे साधू पाहिले आणि माणसांच्या लोभापुढे जे अनेकदा हरले, ते येथे यंत्राच्या प्राथमिक नियमातच घालून दिलेले आहे. मुखाजवळ राहण्याचा लाभ कोणालाही नाही. अभियंत्यांनी हे केले ते समतेच्या तत्त्वासाठी नव्हे, निरोपांची टक्कर टाळण्यासाठी. तथापि ज्या इंदापूर तालुक्याने टेलला असण्याचे दुःख पिढ्यान्‌पिढ्या भोगले, त्याने या नियमाचे मोल ओळखावे.

मंजुरी सर्वांना सारखीच द्यावयाची नाही, हे तर आरंभीच्या उदाहरणांवरून उघड आहे. म्हणून जीपॉनच्या मानकाने मागणीचे वर्ग पाडले. एका वर्गाला ठरलेला हिस्सा अखंड राखून ठेवलेला असतो. त्याने तो वापरला नाही तरी दुसऱ्याला मिळत नाही. वीजवाहिनीच्या संरक्षणासारखी कामे या वर्गात घालावीत. दुसऱ्या वर्गाला हमी असते, पण मागणी केली तरच. मागणी नसेल त्या क्षणी तो हिस्सा इतरांना उसना दिला जातो. तिसऱ्याला थोडी हमी आणि शिवाय शिलकीवर हक्क. चौथ्याला केवळ शिल्लक, उरले तर. आणि पाचवा वर्ग या चारींचे मिश्रण. शिलकीवर जगणाऱ्या वर्गाला कमी प्रतीचा समजण्याचे कारण नाही. रात्री दोन वाजता चालणारी दप्तराची नक्कल, ई-पीक पाहणीची छायाचित्रे, शेतातील संवेदकाचे निरोप ही कामे शिलकीवर उत्तम चालतात, आणि ती शिलकीवर चालतात म्हणूनच हमीच्या कामांना जागा राहते. सर्वांना हमी द्यावयाची म्हटली, तर कोणालाच हमी उरत नाही.

मागणी स्थिर राहत नाही, हे दुसरे संकट. तुकोबांची पालखी बारामतीहून इंदापूरच्या दिशेने निघते आणि बेलवाडीला गोल रिंगण होते, तेव्हा एका लहानशा गावात काही तासांपुरते एखादे शहर उतरते. मोबाइल मनोऱ्यांचा सारा भार शेवटी त्याच जमिनीखालील तंतूवर येतो. वर्षातल्या एका दिवसासाठी तेवढी क्षमता कायम बांधून ठेवणे कोणालाही परवडणार नाही. पण शेजारच्या गावांचा त्या घटकेस न वापरलेला हिस्सा उसना घेण्याची मुभा असेल, आणि रुग्णवाहिकेच्या व पोलिसांच्या संपर्काचा हिस्सा कोणत्याही गर्दीत अबाधित राहील असे आधी लिहून ठेवलेले असेल, तर तो दिवस निभावून जातो. गाळप हंगामात भवानीनगर, माळेगाव, सोमेश्वरनगर येथील कारखान्यांची मागणी वाढते तीही अशीच. फरक इतकाच, की ती पाच-सहा महिने टिकते.

तालुक्यापलीकडच्या मोठ्या वाहिन्यांवर प्रश्नाचे रूप पालटते. तेथे एकाच तंतूतून अनेक तरंगलांबींचा प्रकाश एकदम जातो, आणि प्रत्येक तरंगलांबीचा दर वेगळा असू शकतो: जुनी यंत्रे सेकंदाला दहा गिगाबिट, त्यानंतरची चाळीस, अलीकडची शंभर आणि त्याहून अधिक. जुनी यंत्रे प्रकाश कमी-अधिक करून निरोप लिहितात, नवी प्रकाशाच्या कलेत (फेजमध्ये) लिहितात. आणि जुन्यांच्या चढउताराने काचेचे गुणधर्म क्षणोक्षणी किंचित बदलत असल्यामुळे शेजारच्या नव्या संकेताची कला बिघडते. यावर उपाय म्हणजे दोघांमध्ये मोकळी पट्टी सोडणे, किंवा त्यांना तंतूच्या वर्णपटाच्या निरनिराळ्या भागांत बसविणे. पूर्वी वर्णपटाचे वाफे सारख्या मापाचे, पन्नास गिगाहर्ट्झांचे असत. २०१२ च्या सुमारास साडेबारा गिगाहर्ट्झांच्या पटीत हवे तेवढे रुंद माप घेण्याची मुभा आंतरराष्ट्रीय मानकाने दिली. पुणे ते बारामती हे अंतर जेमतेम शंभर किलोमीटर, म्हणून तेथे दाट लिहिता येते. पुणे ते नागपूर असे लांबचे असेल, तर विरळ लिहावे लागते. ही चर्चा पुस्तकाच्या उत्तरार्धात विस्ताराने आली आहे आणि ती सावकाश वाचावयाची आहे. सामान्य वाचकाने त्यातून एक गोष्ट ध्यानात ठेवली तरी पुरे, ती अशी की एकदा पुरलेली काच जुनी होत नाही. जीपॉन ज्या तरंगलांबींवर चालते त्या सोडून इतर तरंगलांबींवर दहा गिगाबिटांची नवी पद्धती त्याच तंतूवर, त्याच स्प्लिटरमधून, जुन्या डब्यांना धक्का न लावता चालविता येते.

येथवर जे सांगितले त्यावर एक गंभीर आक्षेप येतो, आणि तो टाळून पुढे जाणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. निरोपांचे वर्ग पाडावयाचे म्हटले, की वर्ग पाडणारा कोण आणि त्याचा हेतू काय हा प्रश्न उभा राहतो. ज्याच्या हाती जाळे आहे त्याने आपल्या मर्जीतल्या कंपनीच्या निरोपांना पुढे काढले आणि इतरांना रांगेत कुजविले, तर सेवेच्या गुणवत्तेचे हेच शास्त्र अन्यायाचे हत्यार होईल. या धोक्याची दखल आपल्या देशाने वेळीच घेतली. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने फेब्रुवारी २०१६ मध्ये आशयानुसार निरनिराळे दर आकारण्यास बंदी केली, आणि केंद्र शासनाने जुलै २०१८ मध्ये नेट समानतेची तत्त्वे मान्य करताना दूरस्थ शस्त्रक्रियेसारख्या विशेष सेवांपुरता अपवाद ठेवला. माझ्या मते ही रेघ योग्य ठिकाणी ओढली गेली आहे. कामाच्या गरजेनुसार भेद करणे हा न्याय आहे. निरोप कोणाचा आहे हे पाहून भेद करणे हा पक्षपात. दोन्हींचे यंत्र एकच असल्यामुळे नियम जाहीर असले पाहिजेत आणि ते तपासण्याचा अधिकार वापरणाऱ्याला असला पाहिजे.

नियम कितीही चांगले असले तरी तार तुटली की सारे संपते. रस्ता रुंद होतो, जलवाहिनीची चारी खोदली जाते, शेताच्या बांधालगत जेसीबी फिरतो, आणि तंतू तुटतो. आरंभीच्या योजनेत तालुक्यापासून गावापर्यंत एकच वाट होती, म्हणून एका ठिकाणचा घाव पुढच्या सर्व गावांना भोवत असे. ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या १,३९,५७९ कोटी रुपयांच्या सुधारित कार्यक्रमात कड्याची रचना स्वीकारली आहे. कड्यात एका बाजूने वाट बंद झाली तर निरोप दुसऱ्या बाजूने फिरून येतो. हा बदल उशिरा का होईना, पण मूलगामी आहे. मात्र तो उपयोगी पडावा यासाठी दोन्ही बाजूंचा तंतू एकाच खंदकातून नेण्याचा मोह टाळावा लागेल, आणि तुटलेला तंतू चार तासांत सांधणारा प्रशिक्षित माणूस त्याच तालुक्यात राहणारा असावा लागेल. बारामती आणि इंदापुरात तंत्रनिकेतने आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहेत; हे काम तेथील मुलामुलींनी शिकण्यासारखे आणि शिकून गावातच करण्यासारखे आहे.

पुस्तककर्त्यांनी अवघड विषय मराठीत मांडताना आकडेमोड टाळली नाही, याबद्दल मी त्यांचे अभिनंदन करतो. मराठी वाचकाला आकडा झेपत नाही हा समज या मुलखात तरी खरा नाही. ज्याने उसाच्या टनेजचा आणि पाण्याच्या पाळीचा हिशेब ठेवला, तो डेसिबेलांची बेरीजही करील. केंद्र शासनाने जानेवारी २०२३ पासून ब्रॉडबँडसाठी किमान दोन मेगाबिटांची मर्यादा घातली आहे. पण गावाचा करार त्या किमान मर्यादेवर सोडून देण्याचे कारण नाही. सरपंच, ग्रामसेवक, मुख्याध्यापक आणि आरोग्य केंद्रांतील डॉक्टरांना माझी विनंती आहे, की त्यांनी हे पुस्तक वाचून झाल्यावर आपल्या गावच्या जोडणीचा करार काढून पाहावा. त्यात कमाल दराशेजारी हमीचा दर, विलंबाची मर्यादा आणि तार तुटल्यास दुरुस्तीची मुदत लिहिलेली आहे का ते तपासावे. आणि नसेल, तर पुढच्या नूतनीकरणाच्या वेळी हे तिन्ही आकडे ग्रामसभेच्या ठरावानिशी मागून घ्यावेत.